निफाडच्या थंडीत पोफळी

थोरल्या भावाची, नानाची कॉलर माझ्या मुठीत होती आणि त्याची पाठ मी कोठीच्या दारावर दाबून धरली होती. सोमवारी सकाळचे सात वाजले होते. गाडी अंगणात चालू करून ठेवली होती आणि नूतन, माझी बायको, पुढच्या सीटवर बसून आमच्याकडे बघायचं टाळत होती.

"शेगडी विझली नाही पाहिजे," मी म्हणालो. "एक रोप जरी गेलं ना नाना, मग मी आहे आणि तू आहेस."

नानानं मोकळ्या हातानं माझ्या कानाखाली अशी वाजवली की मला क्षणभर गाडीचं इंजिन ऐकू येईना. मी त्याच्या पोटात गुडघा घातला. मग आई भाकरीच्या पिठाचे हात घेऊन मध्ये घुसली आणि दोघांच्या शर्टांवर तिची बोटं उमटली.

आमच्या घरात हे काही नवीन नव्हतं. वडील होते तोवर ते आम्हाला इंजिनाच्या पट्ट्यानं झोडायचे. ते गेल्यावर आम्ही ते काम आपसात वाटून घेतलं. नाना माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, पण मी अंगानं दांडगा, त्यामुळे हिशेब साधारण बरोबरीत सुटायचा. बागा वाटून झाल्या होत्या, घर मात्र एकच होतं. भांडलो तरी संध्याकाळी एकाच पितळीत हात धुवायचो. नाना लगेच विसरायचा. मी मात्र मनात धरून ठेवायचो, हा माझा स्वभाव, आणि त्याची लाज मला फार उशिरा वाटली.

भांडण होतं कोठीच्या खोलीवरून. त्या खोलीत द्राक्षाच्या क्रेटांमधून काळ्या पिशव्या भरून ठेवल्या होत्या आणि प्रत्येक पिशवीत पोफळीचं एकेक वीतभर रोप होतं. दोनशे चाळीस रोपं. निफाड तालुक्यात, जिथे डिसेंबरात पाइपातलं पाणी गोठायला येतं, तिथे कोकणातली पोफळ. गावानं आमची यथेच्छ टिंगल केली होती. तुझे सासरे आता सुपारी कातरायला इकडेच येणार का, असं मला पारावर विचारायचे.

नूतन श्रीवर्धनकडची. आमच्या गावच्या शाळेत शिक्षिका म्हणून आली आणि माझ्यासारख्या माणसाशी लग्न करून बसली. त्या वर्षी जूनमध्ये चक्रीवादळ आलं आणि तिच्या वडिलांची अख्खी वाडी चार तासांत आडवी झाली. साडेतीनशे पोफळी होत्या, त्यांतली एक उभी राहिली नाही. आम्ही पोचलो तेव्हा मामा, म्हणजे माझे सासरे, पडलेल्या झाडांवरून चालत होते, कारण जमिनीवर पाय ठेवायला जागाच नव्हती. बियाण्यासाठी राखलेले चार घड नूतननं त्या चिखलातून शोधून काढले. त्यांच्या घराला छप्पर उरलं नव्हतं, म्हणून ती सुपारी तिनं इकडे आणली. ऑगस्टच्या शेवटी पहिला कोंब दिसला तेव्हा ती शाळेत गेली नाही. पुढच्या पावसाळ्यात ही रोपं नेऊन वाडी पुन्हा लावायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

आणि आता डिसेंबरात मामांचा फोन आला होता की वाडी विकायचं ठरलंय, बुधवारी माणूस सह्यांना येतोय. नूतननं त्याच रात्री पिशवी भरली.

पोफळीला थंडी सोसत नाही. दहाच्या खाली पारा गेला की पानं काळी पडतात, आणि एकदा कोंब गेला की रोप गेलं. नूतननं खोलीत दोन मोठे बल्ब लावले होते आणि तेवढ्यावर भागत होतं. पण आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून मी माझी अक्कल चालवली. खिडक्यांत गोणपाट कोंबलं, वरून प्लॅस्टिक ठोकलं, दाराच्या फटीपाशी आतून क्रेट रचले, आणि लोणारी कोळशाची मोठी शेगडी मधोमध ठेवली. आम्ही परत येईपर्यंत रोज रात्री शेगडी पेटती ठेवायची आणि दार उघडायचं नाही.

नानाचं म्हणणं असं की त्याच्या बागेत मण्यांत पाणी उतरलंय, थंडीची लाट आली तर मणी तडकतील, आणि पहाटे त्याला बागेत शेकोट्या पेटवायला जावं लागणार; मग तुझ्या सुपाऱ्यांपाशी कोण बसणार? त्याचं चुकलं नव्हतं. माझी बाग उशिरा छाटलेली, तिला अजून धोका नव्हता. त्याच्या बागेचं वर्ष मात्र त्या आठ-दहा दिवसांवर लोंबकळत होतं. पण मला त्या वेळी त्याचं बरोबर असणंच सहन झालं नाही.

"मी बसते," आई म्हणाली. "मला नाहीतरी झोप येत नाही. गोधडी घेऊन तिथेच पडेन. तुम्ही जा."

मी तिला तीन वेळा बजावलं. दार उघडायचं नाही. आतून कडी लाव, नाहीतर नाना यायचा आणि उघडं टाकून जायचा. हे मी नानासमोर बोललो. नाना अंगणात थुंकला आणि बागेकडे निघून गेला.

श्रीवर्धनला पोचलो तेव्हा मामा वाडीतच होते. सहा महिने झाले तरी ते रोज कोयता घेऊन पडलेल्या पोफळी तोडत होते. त्याला कसली गरज नव्हती. यंत्र लावलं असतं तर दोन दिवसांत उरकलं असतं. पण ते एकेका खोडावर घाव घालत बसायचे, आणि घालताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की मला त्यांच्या जवळ जाववेना. माणूस झाडावर एवढा चिडू शकतो हे मी तिथे पाहिलं.

"तू कशाला आलीस गो?" ते नूतनला म्हणाले. "ठरलंय माझं."

नूतननं मोबाइलवरचे फोटो पुढे धरले. क्रेटांच्या रांगा, हिरवी पानं, प्रत्येक पिशवीवर तिच्या अक्षरात आकडा. मामांनी चष्मा लावला. एकेक फोटो त्यांनी इतका वेळ पाहिला की त्यांच्या हातात मोबाइल तीनदा बंद झाला आणि तिनं तीनदा उघडून दिला.

"पोफळ धरायला सात वर्षं लागतात," ते म्हणाले. "मी असेन का तोवर?"

"मी असेन," नूतन म्हणाली.

मग ते माझ्याकडे वळले. त्यांनी मला कधी फारसं मोजलं नव्हतं. घाटावरचा तापट जावई म्हणून जरा अंतर ठेवूनच असायचे. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडची थंडी सोसतील ही?"

मी छाती पुढे काढून सांगितलं की एक रोप मरणार नाही, जूनमध्ये दोनशे चाळीस रोपं तुमच्या दारात उतरवीन, माझा शब्द. मामांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांच्या तळव्यांना कोयत्याचे फोड आले होते. मला त्या क्षणी फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

बुधवारी सकाळी तो दलाल आला. कागद बरोबर घेऊनच आला होता. मामांनी नाही म्हटल्यावर त्यानं आधी समजावलं, मग आवाज चढवला, आणि शेवटी म्हणाला की या मसणवटीला आज गिऱ्हाईक आहे, उद्या कुत्रं विचारणार नाही. मामांनी शांतपणे कोयता उचलला आणि त्याच्या मोटरसायकलच्या सीटमध्ये मुठीपर्यंत रुतवला. तो त्यांच्या अंगावर धावला तेव्हा मी त्याची मान धरली, नाकावर दोन ठोसे दिले आणि त्याला पाटाच्या पाण्यात लोटून दिलं. नाक धरून तो उठला, शिव्या देत गाडी ढकलत निघून गेला. मामा हसले. जूननंतर पहिल्यांदाच हसले, असं नूतन म्हणाली. मारामारीनं एक गोष्ट मार्गी लागली, असं मला वाटलं, आणि मी दिवसभर त्याच तोऱ्यात फिरत होतो.

त्याच सकाळी दहा वाजता मी घरी फोन लावला. बातम्यांत निफाडचा पारा साडेतीनवर गेल्याचं दाखवत होते. आईचा फोन लागेना. नानाला लावला. बऱ्याच वेळानं त्यानं उचलला.

"कसंय?"

"ठीक आहे."

"आई?"

"ठीक आहे. निजलीय."

"आणि रोपं?"

तो जरा थांबला. "ठीक आहेत," म्हणाला. "तू सावकाश ये. गाडी जपून चालव."

नाना मला गाडी जपून चालव म्हणाला हेच मुळात विचित्र होतं. पण मला वाटलं, सोमवारच्या गुडघ्याचा परिणाम झाला असेल. मी नूतनला सांगितलं, सगळं ठीक आहे. तिनं मामांना सांगितलं. त्यानंतर दिवसभर मामांनी कोयता हातात धरला नाही.

गुरुवारी पहाटे निघालो आणि ऊन उतरता उतरता गावात शिरलो. अंगणाच्या कडेला गाडी थांबवली आणि जे दिसलं ते बघून मी चावी काढायचीही विसरलो.

रोपं अंगणात होती. क्रेट वेडेवाकडे फेकलेले, काही उपडे, पिशव्या फुटून माती सांडलेली. एकूणएक पान काळं पडून खाली लोंबत होतं. आणि त्या सगळ्याच्या मधोमध नाना उकिडवा बसून वेलाच्या वाळक्या काड्या पेटवत होता. हात शेकत होता.

नूतन गाडीतून उतरली आणि पहिल्या क्रेटापाशी गुडघे टेकून बसली. तिनं एक कोंब दोन बोटांत धरला, तो लगेच निसटून हातात आला. तिनं दुसरा धरला. तोही आला.

मला दिसत होता फक्त नाना. फोनवर ठीक आहे म्हणालेला नाना. माझा शब्द, मामांचे फोड आलेले हात, सोमवारची कानाखाली, सगळं एकदम डोक्यात चढलं. ओसरीला टेकवून ठेवलेला मांडवाचा लोखंडी अँगल मी उचलला. नानानं मान वर केली, मला बघितलं, उठायला लागला. "भागा," तो म्हणाला, "ऐक."

मी ऐकलं नाही. पहिला घाव त्याच्या खांद्यावर बसला. दुसरा त्यानं उजव्या हातावर घेतला, आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तरी तिसरा घातला, त्याच हातावर, मनगटाच्या खाली. तो जाळापाशी कोसळला. मी लाथ मारली. तोंडानं काय बोलत होतो ते आठवत नाही, नूतननं मला कधी सांगितलं नाही. त्यानं एकदाही हात उगारला नाही. आयुष्यात पहिल्यांदा नानानं मला उलट मारलं नव्हतं, आणि त्यामुळे तर मी जास्तच पेटलो.

नूतननं मागून माझ्या कमरेला मिठी घातली. ती मला ओढत होती आणि कोठीकडे बघत होती.

"दार कुठंय?" ती म्हणाली. "दाराला काय झालं?"

कोठीला दार नव्हतं. चौकटीला बिजागऱ्यांपाशी लाकडाच्या चिरफळ्या लोंबत होत्या आणि दार आत आडवं पडलेलं होतं. त्यावर कुऱ्हाडीचे सात-आठ घाव होते.

नाना मातीत पडूनच बोलला. मोडलेला हात त्यानं छातीशी धरला होता.

"आईला आज ऑक्सिजनवरनं काढलंय. आधी तिला भेटून ये. मग मार काय मारायचं ते."

आमच्याकडे अशी रीत आहे की लांब गेलेल्या माणसाला वाईट बातमी फोनवर सांगत नाहीत. तो घाबरून गाडी हाणत येतो आणि वाटेत दुसरंच काहीतरी घडतं. वडिलांना हार्ट अटॅक आला तेव्हा नानानं मला पुण्याहून असंच बोलावलं होतं, जरा ताप आहे म्हणून. मी ही रीत विसरलो होतो असं नाही. मी ती नानाला लागू केली नाही, इतकंच. मी नानाला लबाड मानायला बसलोच होतो.

बाकीचं मला वहिनीनं दवाखान्याच्या व्हरांड्यात सांगितलं. तिनं नानाचा हात बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि बघवेना म्हणून भिंतीकडे तोंड करून बोलत राहिली. बुधवारी पहाटे नाना बागेत शेकोट्या पेटवत होता. मध्येच चहाला म्हणून घरी आला आणि कोठीपाशी जाऊन आईला हाक मारली. ओ आली नाही. कडी आतून. क्रेट आतून. मी कोंबलेल्या गोणपाटातून धूर जायला फट नव्हती, आणि कोळशाला धूर तरी कुठे असतो, की आत विषारी वायू कोंडतोय हे कळावं. त्यानं कुऱ्हाडीनं दार फोडलं, क्रेट हाताला येतील तसे अंगणात भिरकावले, आणि आईला खांद्यावर टाकून बाहेर आणलं. डॉक्टर म्हणाले, आणखी पाव तास गेला असता तर काही करता आलं नसतं.

"दुपारी मला आईपाशी बसवून ते घरी गेले," वहिनी म्हणाली. "रोपांनी माना टाकलेल्या. बंद खोलीत पुन्हा जाळ करायची कुणाची छाती होती? मग अंगणातच भोवतीनं जाळ केला. काल संध्याकाळी केला, आज पहाटे केला. बागेतल्या शेकोट्यांसाठी वर्षभर साठवलेल्या सगळ्या काड्या तिथे जाळल्या. मी म्हणलं, अहो, बाग जाईल. तर म्हणाले, नूतनच्या बापाला भागानं शब्द दिला असेल."

मी शब्द दिलाय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो मला ओळखत होता.

पुढचं इथेच सांगून टाकतो. नानाची बाग त्या दोन रात्रींत तडकली. मण्यांना चिरा पडल्या, आठवड्यात सगळा माल आंबून गेला. हाताला दोनदा ऑपरेशन केलं, पण तीन बोटं मिटेनात. ज्याच्या छाटणीला शेजारच्या तालुक्यातून बोलावणं यायचं, त्याच्या हातात कात्री राहीना. मामांना नूतननं स्वतः जाऊन सांगितलं. फेब्रुवारीत त्यांनी वाडी विकली, त्याच दलालामार्फत. नूतन मला एवढंच म्हणाली की रोपं माझी होती, मी रडले असते आणि थांबले असते, तुला कुणी मारायला सांगितलं होतं?

पण त्या गुरुवारी संध्याकाळी हे काही माहीत नव्हतं. नानाच्या हाताला प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, कशानं लागलं. नाना म्हणाला, मांडवावर तार ओढताना पडलो. डॉक्टर निफाडचेच. द्राक्षाच्या मांडवाची उंची किती असते हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी कागदावर लिहिलं, पडल्याने इजा.

मग आम्ही दोघं आईच्या खाटेपाशी गेलो. तिचा चेहरा उतरलेला होता, आवाज घोगरा झाला होता. मला बघताच ती म्हणाली, "दार मी उघडलं नाही रे. तू म्हणाला होतास ना." मी खाटेची कड धरली.

तेवढ्यात तिला प्लास्टर दिसलं. तिनं नानाला विचारलं, त्यानं मांडवाचंच सांगितलं. आईनं त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं माझे दोन्ही हात पुढे करायला लावले आणि उलटसुलट करून पाहिले. अँगलच्या गंजानं तळवे लाल झाले होते. मला वाटलं, ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तिनं वहिनीनं आणलेल्या डब्याकडे बोट केलं. "हा काल सकाळपासून उपाशी आहे," ती म्हणाली. "त्याला आता डाव्या हातानं जेवता यायचं नाही. भागवता, भरव त्याला."

वॉर्डात दहा-बारा खाटा होत्या, सगळे आमच्याकडेच बघत होते. मी हात धुऊन आलो. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि नानाच्या तोंडासमोर धरला. थोडं पिठलं त्याच्या शर्टावर सांडलं. नानानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं तोंड उघडलं.

मी सबंध भाकरी त्याला भरवली. तो मान खाली घालून चावत होता. अर्धी झाल्यावर म्हणाला, "घाई करू नको, ठसका लागतो," आणि मी घास लहान केला.